अजेंडा, कोरम आणि आमची सही

गेल्या पावसाळ्याच्या अखेरीस एके दिवशी शाळा सुटल्यावर आमच्या गावच्या कुंभारवाड्यातील तात्या शाळेच्या ओट्यावर येऊन बसले. हातात चार पानांची झेरॉक्स होती. "गुरुजी, हे वाचून दाखवा, आन् ह्यात माझं नाव कशापायी आलंय तेवढं सांगा," असे म्हणून त्यांनी ती पाने आमच्यापुढे ठेवली. माहितीच्या अधिकाराचा २००५ सालचा जो कायदा आहे त्याखाली अर्ज करून त्यांच्या पुतण्याने १५ ऑगस्टच्या ग्रामसभेच्या प्रोसिडिंगची नक्कल काढली होती. गावच्या गायरानातील ज्या तुकड्यातून कुंभारवाडा आजा-पणजापासून माती आणीत आला, तो तुकडा एका प्रकल्पास देण्यास ग्रामसभेची हरकत नाही, असा ठराव त्यात लिहिलेला होता. शेवटी नेहमीचे वाक्य, "सविस्तर चर्चा होऊन ठराव सर्वानुमते मंजूर." त्याखाली सूचक म्हणून एका गृहस्थाचे नाव, आणि अनुमोदक म्हणून खुद्द तात्यांचे!

तात्या म्हणाले, "सही मी केली, न्हाई म्हनत न्हाई. पर ती हजेरीची म्हनून केली. अनुमोदक म्हंजी काय वो?"

वाचकहो, वीस वर्षे खडू झिजवून आम्ही गावाला व्याकरण शिकविले, बेरजा-वजाबाक्या शिकविल्या, शहाजहानने ताजमहाल कधी बांधला तेही शिकविले. परंतु अनुमोदक म्हणजे काय हे काही आम्ही ह्या गावात कोणास कधी शिकविले नाही. आणि तेवढ्या एका शब्दावाचून एका वाड्याची माती जाऊ पाहते, हे त्या दिवशी आमच्या ध्यानात आले. सबब हा लेख.

आमच्या गावात आता सभांना तोटा नाही. ग्रामसभा आहे, विकास सोसायटीची वार्षिक सभा आहे, दूध संस्थेची आहे, पाणी वापर संस्थेची आहे, शाळा व्यवस्थापन समितीची आहे, बायकांच्या बचत गटांची आहे. १९९३ साली ७३ वी घटनादुरुस्ती अमलात आली आणि ग्रामसभेला राज्यघटनेत जागा मिळाली. म्हणजे गावचा मालक गावच झाला. पण मालक सभेत जाऊन बसला की त्याच्या कानावर काय पडते? अजेंडा, कोरम, मिनिट्स, प्रोसिडिंग, रिझोल्युशन, कास्टिंग व्होट, पॉइंट ऑफ ऑर्डर. कोणी म्हणेल की हे इंग्रजी आहे, मराठी बोला. बरे तर, मराठी बोलू. मग कानावर पडते विषयपत्रिका, गणपूर्ती, इतिवृत्त, कार्यवृत्त, उपसूचना, औचित्याचा मुद्दा. अर्धी भाषा विलायतेची, अर्धी काशीची. शेतकऱ्याच्या आणि कारागिराच्या घरची ह्यात कोणती?

प्रथम विलायतेचे पाहू, कारण ह्या शब्दांचा दरारा फार. पुष्कळांना वाटते की इंग्रज शेतकरी हे शब्द आईच्या दुधाबरोबर प्याला असेल. तसे काही नाही. अजेंडा हा लॅटिन शब्द. त्याचा अर्थ 'करावयाच्या गोष्टी', एवढाच. मिनिट्सचा घड्याळाशी संबंध नाही. लॅटिनात बारीक, लहान अशा अर्थाचा जो शब्द आहे त्यावरून बारीक अक्षरात केलेले कच्चे टिपण ते मिनिट्स. आणि कोरम तर मोठा गमतीचा. इंग्लंडचा राजा गावोगावचे न्यायाधिकारी नेमी, तेव्हा त्यांच्या लॅटिन सनदेत 'ज्यांपैकी अमुक एक असावाच' अशा अर्थाची ओळ असे. त्या ओळीतला 'ज्यांपैकी' हा सुटा शब्द म्हणजे कोरम! ओळ गेली, राजा गेला, आणि तो तुटका शब्द आमच्या चावडीत येऊन बसला.

म्हणजे इंग्लंडातही शास्त्र्यापंडितांची एक भाषा होती आणि नांगरधाऱ्याची दुसरी. तेथील कोर्टात फिर्यादीचे बोलणे चाले फ्रेंचमध्ये. १३६२ साली कायदा करावा लागला की बाबांनो, रयतेला फ्रेंच समजत नाही, खटला इंग्रजीत बोला. तरी दप्तर लॅटिनातच राहिले. ते इंग्रजीत लिहिले जाऊ लागले १७३३ पासून. मधे पावणेचारशे वर्षे गेली. ज्यांच्या शब्दांना आपण दबकतो त्यांच्या आज्या-पणज्यांनाही आपल्या नावावर काय लिहिले आहे ते दुसऱ्याला विचारावे लागत होते. बोर्ड म्हणजे तरी काय? फळी. फळ्या जोडून केलेल्या टेबलाभोवती जे बसत ते बोर्ड. आमच्या सुतारदादांनी हे ऐकून ठेवावे. बँकेच्या बोर्डाचा मूळ पुरुष रंधा मारणारा आहे.

आता काशीकडच्या शब्दांविषयी. महाराष्ट्र राज्य झाल्यावर १९६० साली सरकारने भाषा संचालनालय काढले, १९६४ साली मराठी राजभाषेचा कायदा केला. हेतू चांगला होता, आणि त्या कामाचे उपकार आम्ही मानतो. आज सातबारा, नोटीस, अर्ज मराठीत आहे तो ह्या खटपटीमुळे. त्याच्याही आधी बडोद्याच्या सयाजीराव महाराजांच्या दरबाराने १९३१ साली राज्यकारभाराच्या शब्दांचा बहुभाषी कोश छापला होता. पण कोश करणारे विद्वान संस्कृताच्या कोठारातून शब्द काढीत, कारण त्यांच्या हाताला ते कोठार सवयीचे. कोरमला गणपूर्ती म्हटले. गणपूर्ती ऐकून आमच्या गावच्या एका माळीण आजींनी आम्हांस विचारले होते की ही गणपतीची कोणती पूजा? हसू नका. त्यांचे चुकले नाही. 'पुरेशी माणसे' असे म्हटले असते तर सरकारचे काही बिघडले नसते.

ह्याचा अर्थ मराठीत शब्द नाहीत असा नाही. ठराव हा शब्द पाहा. ठरणे ह्या रोजच्या क्रियापदातून निघाला, बांधावर भांडणारे दोन भाऊ सुद्धा तो वापरतात. त्यापुढे रिझोल्युशन उगाच लांब आहे. हजेरी, हरकत, तहकूब हे दूरच्या देशांतून फारसीच्या वाटेने आले आणि येथेच संसार थाटून राहिले. मिटिंगही तशीच आता मराठी झाली आहे. बचत गटातील कोणतीही बाई 'आज मिटिंग हाय' म्हणते, तिला कोणी इंग्रजी बोलते असे म्हणत नाही. जोतीराव फुल्यांनी १८७३ साली सत्यशोधक समाज काढला. त्या समाजाने आपल्या कामाची हकीकत छापली तिला 'रिपोर्ट' असेच नाव दिले. बाहेरचा शब्द घरात घेतल्याने त्यांचे काही बाटले नाही. आमची तक्रार शब्दाच्या जातीविषयी नाही. तो शब्द कशावर झाकण घालतो आहे, ते झाकण उचलून पाहण्याची सवय आम्हांला नाही, ही तक्रार आहे.

आमच्या वाडवडिलांना सभा माहीत नव्हती काय? मराठेशाहीत वतनाचा किंवा हद्दीचा तंटा पडला तर गोत बसे. गावचा पाटील, शेजारच्या गावचे पाटील, बारा बलुतेदार. जो निवाडा होई त्याचा कागद होई, त्याला महजर म्हणत. हा शब्द सुद्धा आरबी, बरे का. त्या कागदावर ज्याला अक्षर येत नसे तो आपल्या धंद्याचे चिन्ह काढी. पाटलाचा नांगर, न्हाव्याचा आरसा, परटाची मोगरी. असे कागद इतिहासाच्या दप्तरांत आज पाहावयास मिळतात. त्या काळचे गोडवे गाण्याचा आमचा विचार नाही. त्या बैठकीत बाईला जागा नव्हती, अस्पृश्य म्हटलेल्यांना बसायला अंतर होते, आणि कागद लिहिणारी लेखणी एकाच घराण्यात बापाकडून लेकाकडे जात होती. शाहू महाराजांनी १९१८ साली कोल्हापुरात कुलकर्णी वतने काढून पगारी तलाठी नेमले ते काही हौसेने नव्हे. तरी एवढे खरे की नांगर काढणारा आपण कशावर नांगर काढतो हे गोतात बसून ऐकत होता. आज आमच्या हाती नांगर नाही, झकास सही आहे; ऐकणे मात्र गेले.

असो. सभेचे सगळे शब्द एका लेखात मावणार नाहीत, आणि मावले तरी कोणी पाठ करणार नाही. ज्या तीन ठिकाणी गरिबाचा पाय घसरतो तेवढी दाखवितो.

पहिले ठिकाण अजेंडा. सभेत काय काय बोलायचे त्याची ही यादी, आणि ती आधी मिळावयाची असते. ग्रामसभेची नोटीस सात दिवस आधी लागली पाहिजे. सोसायटीच्या वार्षिक सभेस बहुतेक उपविधींत पुरे १४ दिवस दिलेले असतात. हे दिवस का ठेवले? शेतकऱ्याने यादी वाचावी, आपल्याला झोंबणारा विषय त्यात आहे का पाहावे, आणि असेल तर त्या दिवशी खुरपणी बाजूस ठेवून सभेस यावे, म्हणून. आता यादीच्या शेवटी एक ओळ असते, 'अध्यक्षांच्या परवानगीने आयत्या वेळी येणारे विषय'. ही ओळ म्हणजे घराची मागची मोरी. खरे म्हणजे ती किरकोळ गोष्टींसाठी आहे. कोणाचे अभिनंदन, कोणाला श्रद्धांजली, दिवाबत्तीची तक्रार. पण ज्याला पुढच्या दाराने यायची लाज वाटते तो विषय ह्या मोरीतून येतो. तात्यांच्या नकलेत आम्ही बोट ठेवून पाहिले. नोटिशीत आठ विषय, त्यांत गायरानाचे नाव नाही. गायरान निघाले ते नवव्यात, आयत्या वेळी. म्हणजे झेंडावंदन आटोपून अर्धे लोक शेताकडे वळल्यावर.

दुसरे ठिकाण कोरम. ग्रामसभेला गावच्या मतदारांपैकी १५ टक्के किंवा १०० माणसे, ह्यांतली जी संख्या कमी असेल तितकी लागतात. तितकी जमली नाहीत तर सभा तहकूब. येथवर लोकांना माहीत असते, आणि म्हणून पुष्कळ शहाणे असे म्हणतात की आपण जाऊच नये, कोरम भरणार नाही, म्हणजे ठराव होणार नाही. ह्या शहाणपणाने किती गावे फसली असतील! तहकूब झालेली सभा पुन्हा भरते, आणि तिला कोरमची अट नसते. सोसायट्यांच्या वार्षिक सभेत तर बहुधा अर्ध्या तासाने त्याच जागी ती पुन्हा भरते. म्हणजे तुम्ही रुसून घरी बसलात तर सभा थांबत नाही, फक्त तुमच्यावाचून होते. मात्र एक कडी लक्षात ठेवावी. तहकूब ग्रामसभेत मूळ यादीतलेच विषय घेता येतात, नवा विषय घुसविता येत नाही. जो माणूस तेथे हजर असेल त्यालाच हे म्हणता येईल.

तिसरे ठिकाण मिनिट्सचे, ज्याला आमच्याकडे सरसकट प्रोसिडिंग म्हणतात. प्रत्येक सभेत पहिला विषय ठरलेला, 'मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे'. अध्यक्ष विचारतात, "कायम?" मागून आवाज येतो, "कायम!" वाचले कोणी? कोणी नाही. आणि कायम म्हणजे काय, ह्याचाही घोटाळा. मागच्या ठरावाला तुम्ही मान्यता देता असा त्याचा अर्थ नाही. मागच्या सभेत जे झाले ते तसेच लिहिले आहे, एवढेच तुम्ही सांगता. पण तेवढेच फार आहे. सभेत झाले एक आणि वहीत लिहिले भलतेच, तर ते दाखविण्याची जागा हीच; येथे गप्प बसलात की खोट्याला तुमचा शिक्का लागला. तसेच विरोधाचे. 'मी तवाच इरोध केला व्हता' असे पारावर सांगून भागत नाही. नावानिशी विरोध लिहून घ्या असे सभेत म्हणावे लागते, आणि लिहिला की नाही ते पुढच्या सभेत ऐकावे लागते.

येथे आम्ही आमचाही गुन्हा कबूल करतो. शिक्षणहक्काच्या २००९ च्या कायद्याने प्रत्येक शाळेला व्यवस्थापन समिती आली. तिच्यात पाऊण हिस्सा पालक हवेत, निम्म्या बायका हव्यात. आमच्या शाळेच्या समितीची वही आम्हीच लिहितो. आणि कशी लिहितो? सभेच्या दिवशी चार माया-बहिणी येतात, पोषण आहाराचे दोन शब्द होतात, चहा होतो. मग आम्ही रात्री घरी बसून 'सविस्तर चर्चा करण्यात आली' असे झोकात लिहितो आणि दुसऱ्या दिवशी मुलांच्या हाती वही देऊन घरोघर सह्या मागवितो. वरून तपासणी आली की वही सुंदर दिसते. गावच्या वहीत तात्यांचे नाव कोणी कसे घातले हे विचारण्याआधी आमच्या वहीतल्या मायलेकींनी कशावर सह्या केल्या हे आम्हांला कोणी विचारले तर? त्या रात्री आम्ही ती वही काढून मागची तीन वर्षे चाळली, आणि आम्हांस झोप आली नाही.

ह्या बाबतीत बचत गटाच्या बायका आमच्यापेक्षा पुढे आहेत. त्यांच्या बैठकीत पेटी मधे, वही मधे. कोणी किती भरले, कोणाकडे किती राहिले, हे मोठ्याने वाचले जाते, आणि एखादीचे दहा रुपये इकडचे तिकडे झाले तर न शिकलेली बाई सुद्धा "थांब गं, पुन्यांदा वाच," म्हणते. कारण त्यातला प्रत्येक रुपया तिने मोलमजुरी करून आणलेला असतो. गायरानही तिचेच आहे, सोसायटीचे गोदामही तिचेच आहे. पण ते कोणी पेटीत घालून मधे ठेवीत नाही म्हणून ते आपले वाटत नाही.

आमचा एक जुना विद्यार्थी पुण्यात कंपनीत आहे. दिवाळीला आला तेव्हा सांगत होता की तिकडे दिवसाला तीन-तीन मिटिंगा असतात आणि प्रत्येकीची मिनिट्स त्याच दिवशी सर्वांच्या मोबाइलवर येतात. त्यात कोणते काम, कोणी करायचे, कधीपर्यंत, असे तीन रकाने असतात. आम्ही म्हटले, बाळा, तीन रकान्यांची ही विद्या तू कधी गावच्या ग्रामसभेत येऊन सांगितलीस का? तो म्हणाला, सर, सुट्टी मिळत नाही. खोटे बोलला नाही. पण आईबापाने कर्ज काढून शिकविलेले हे इंग्रजी पुण्याच्या काचेच्या इमारतीत कोरम भरते आणि गावात त्याची खुर्ची रिकामी असते, ह्याला काय म्हणावे? आमच्या ग्रामपंचायतीच्या वहीत तो तिसरा रकाना, 'कधीपर्यंत', एवढा जरी आला तरी निम्मे ठराव लाजेने पुरे होतील.

शब्दाने मोठमोठ्यांची सुद्धा फजिती होते. दुसऱ्या महायुद्धात इंग्रज आणि अमेरिकन सेनाधिकारी एका बैठकीस बसले. एक कागद 'टेबल' करावा असे इंग्रजांनी म्हटले. अमेरिकन लोकांनी जोराचा विरोध केला. बराच वेळ वाद झाला, आवाज चढले. शेवटी उमगले की इंग्रजांच्या बोलीत टेबल करणे म्हणजे आत्ता लगेच चर्चेस घेणे, आणि अमेरिकनांच्या बोलीत टेबल करणे म्हणजे बाजूस टाकून देणे. दोघांनाही हवे होते एकच! ही हकीकत चर्चिलसाहेबांनी आपल्या युद्धाच्या इतिहासात स्वतः लिहून ठेवली आहे. आम्ही ही गोष्ट तात्यांना सांगितली. कारण त्यांनी ठरावाविरुद्ध तालुक्याला जो अर्ज दिला तो 'साहेबांच्या टेबलावर आहे' असे उत्तर त्यांना तीन खेपा मिळाले. तात्या म्हणाले, "म्हंजी आपला सायेब अमेरिकेचा दिसतोय."

२ ऑक्टोबरला पुन्हा ग्रामसभा झाली. कुंभारवाड्यातून झाडून सारी माणसे आली, बायका सुद्धा. पहिला विषय पुकारला आणि सवयीने मागून 'कायम' असा आवाज झाला. तात्या उठले. पाय कापत होते हे आम्ही पाहिले. म्हणाले, "आधी वाचा." कोणी हसले, कोणी म्हणाले वेळ जाईल. मग दुसरा उठला, मग एक म्हातारी उठली. वाचावे लागले. नववा विषय आला तेव्हा तात्यांनी सांगितले की ह्याला माझे अनुमोदन नव्हते, माझी सही हजेरीची आहे, तसे आजच्या वहीत लिहा. लिहिले गेले, आणि लिहिलेले त्यांनी पुतण्याकडून वाचून घेतल्यावरच खाली बसले. ठराव रद्द झालेला नाही. अर्ज अजून त्या टेबलावरच आहे, आणि माती आणायला गेले की कुंभारवाड्यातल्या पोरांना कोणी ना कोणी हटकतो.

पुढची ग्रामसभा २६ जानेवारीस आहे. तिची नोटीस सात दिवस आधी चावडीच्या फळ्यावर लागेल. आमच्या सातवीच्या मुलांचे त्या दिवसाचे शुद्धलेखन आम्ही आताच ठरवून टाकले आहे. चावडीपुढे रांगेत बसून त्यांनी ती नोटीस शब्दाला शब्द उतरून घ्यावयाची, आणि संध्याकाळी घरी चुलीपुढे मोठ्याने वाचावयाची. आणि ह्या महिन्यापासून आमच्या समितीची वही सभेतच लिहिली जाते, आमच्या घरी नाही.